एस्तेरबाईंचा डावा हात

एस्तेरबाईंचा डावा हात पियानोवरून घसरला आणि मांडीवर पडला. उजवा वाजवतच राहिला.

खोली माणसांनी भरलेली होती. नाताळच्या आधीच्या शनिवारी बाई आपल्या शिकवणीच्या मुलांना एकेक करून वाजवायला लावायच्या, आईबापांना चहा-केक द्यायच्या आणि सगळ्यांत शेवटी स्वतः एक चाल वाजवायच्या. दरवर्षी तीच. त्यामुळं लोक ऐकत होते म्हणजे आपले बसून होते. हात पडलेला कुणाच्या ध्यानात आला नाही. एखाद्याला वाटलं असेल, इथं एकच हात लागत असेल. मी दाराशी कपबशांचा ट्रे घेऊन उभी होते आणि पियानोकडं माझी पाठ होती. तरी मला कळलं. त्या चालीचा डावा हात मी भिंतीपलीकडून वर्षानुवर्षं ऐकत आले होते. घरातलं जातं मधेच थांबलं की न बघता कळतं, तसं कळलं.

मी वळले. उजवा हात वर चढत चालला होता. त्या चालीत एक जागा आहे, चढत चढत अगदी टोकाला जायचं, आणि तिथं बाई नेहमी तोंडानं एक सूर लावायच्या. का, ते पुढं सांगते. त्या दिवशी बाईंनी तोंड उघडलं, पण सूर आला नाही. तोंड एका बाजूनं खाली ओघळलं. मी ट्रे टाकला, कपबशा फुटल्या, आणि बाई स्टुलावरून पडायच्या आत त्यांना धरलं. काडीसारखी बाई, पण अर्धं अंग गेलेलं माणूस जड लागतं.

नसीम म्हणून बाईंची जुनी विद्यार्थिनी होती, ती जालन्याहून माहेरपणाला आलेली. तिनं पाय धरले. आमचे मालक बाहेर ओट्यावर बसले होते, त्यांनी मधून उचललं. तिघांनी मिळून रिक्षात घातलं. दवाखान्यात डॉक्टरांनी डोळ्यांत बॅटरी मारून बघितलं, मालकांना बाजूला घेतलं आणि सांगितलं, रात्र निघाली तर बघू, नातेवाइकांना कळवून ठेवा.

एस्तेरबाई साळवे आमच्या शेजारीण. छावणीत एकाला एक चिकटलेल्या घरांची ओळ आहे, त्यात शेवटचं घर त्यांचं, त्याच्या अलीकडचं आमचं. मधे एक भिंत, तीही मातीची. मी लासूर स्टेशनची. चौथी झाले आणि शाळा सुटली. लग्न होऊन इथं आले तेव्हा पोलीस ॲक्शन होऊन थोडीच वर्षं झाली होती. छावणीतले बंगले रिकामे होत होते. निजामाच्या फौजेतला कुणी साहेब हैदराबादला निघाला, त्याच्या मडमेनं तो पियानो बाईंना देऊन टाकला. बाई त्या बंगल्यावरच्या आयाची मुलगी. मडम मुलांना शिकवायची तेव्हा ही दाराशी उभी राहून बघायची; पुढं मडमेनं हिलाही बसवलं. पियानो बैलगाडीतून आला आणि तो आत घालायला दाराची चौकट काढावी लागली, असं सासूबाई सांगायच्या. सासूबाईंचं मत होतं की एवढ्या लाकडात दोन कपाटं आणि एक पलंग झाला असता.

बाई पांढरं सुती पातळ नेसायच्या, पायात घरातसुद्धा कॅनव्हासचे बूट. लग्न केलं नाही. कुणी विचारलं तर म्हणायच्या, कुणी सांगून आलं होतं पण त्याला गाणं ऐकू यायचं नाही. बोलणं पुस्तकासारखं. दूधवाल्याला म्हणायच्या, "कृपा करून पाणी कमी घालत जा." तो म्हणायचा, "कृपा हाय म्हणूनच कमी घालतो, बाई. बाकीच्या घरी येऊन बघा."

मला पियानोचा पहिल्यांदा वैताग आला. दुपारी दोन घटका पडावं, तर भिंतीतून एकच ओळ. तीच, परत तीच, परत तीच. मी एकदा गेले आणि सांगितलं की बाई, पुढचं येत नसेल तर सोडून द्या. बाई हसल्या नाहीत, रागावल्याही नाहीत. म्हणाल्या, "येतं गं. पण जिथं अडतं तिथं राहायला हवं ना थोडं." आणि मला आत बोलावून पियानोच्या फळीवर ठेवलेले चिंचोके दाखवले. उजव्या टोकाला चिंचोक्यांची छोटी ढिगली. ओळ बिनचूक वाजली की एक चिंचोका डावीकडं सरकवायचा. चूक झाली की सरकवलेले सगळे परत उजवीकडं. सगळे डावीकडं गेले की मग पुढची ओळ. मोठ्या मुलांना हाच नियम, लहानांना हाच, स्वतःला हाच. मुलं रडकुंडीला यायची. एका पोरानं दोन चिंचोके खिशात घातले, म्हणजे लवकर सुटका. बाईंनी ढिगलीकडं नुसतं बघितलं आणि म्हणाल्या, "खा हवे तर. भाजून आणू?" तो मुलगा पुढं चांगला वाजवायला लागला.

दुसरी त्यांची एक गोष्ट पाण्याची. पियानोची खालची फळी निघते. आत, तारांच्या खाली, बाई पाण्यानं भरलेलं गाडगं ठेवायच्या. आपल्याकडचा उन्हाळा कोरडा, लाकूड तडकतं आणि तारा उतरतात, म्हणून त्याला आत ओलावा लागतो. मार्च लागला की गाडगं आत. रोज सकाळी स्वतःच्या चहाआधी गाडग्यात तांब्या ओतायच्या. बहात्तरच्या दुष्काळात नळाला धार नव्हती. आम्ही हंडे लावून तासन्‌तास बसायचो. तेव्हा मी सगळ्यांसमोर म्हणाले, की इथं माणसांचे घसे सुकले अन् ही बाई लाकडाला पाणी पाजती. बायकांनी बाईंना चांगलंच टोचलं. त्या हंडा घेऊन गेल्या. नंतर काही कामानं मी त्यांच्याकडं गेले तर गाडग्यात साबणाचा फेस दिसला. मी विचारलं. बाई म्हणाल्या, "माझं तोंड धुतलेलं पाणी आहे. त्याला चालतं. तो तुझ्यासारखा बोलत नाही." दुसऱ्या दिवसापासून आमच्या डाळ-तांदळाचं धुवण मी त्यांना द्यायला लागले, तर ते नको म्हणाल्या, त्यानं मुंग्या होतात.

आता ती चाल. तिला नाव होतं, परदेशी, माझ्या जिभेवर कधी बसलं नाही. कुण्या जुन्या जर्मन माणसानं रचलेली, एवढं ठाऊक. बाई दुपारी वाजवायच्या म्हणून आमच्या ओळीत तिला सगळे 'दुपारची' म्हणायचे. संथ चाल. डावा हात खाली एक सूर देतो आणि वर दोन, खाली एक, वर दोन, आणि तेच सारखं चालू ठेवतो. उजवा त्याच्यावरून फिरतो. फिरत फिरत वर चढतो, आणि टोकाला गेला की डावाही थांबतो आणि आवाज बंद. मग खाली उतरतो. ती मधली शांतता मला लई आवडायची. मला वाटायचं, रचणारा शहाणा माणूस होता. दौलताबादचा किल्ला चढून गेल्यावर माणूस लगेच बोलत नाही, आधी दम घेतो. तसं काही तरी असणार.

तसं काही नव्हतं. त्या पियानोची तिथली पट्टी मुकी होती, एवढंच. बैलगाडीतून उतरवताना आतलं काही मोडलं होतं. पुण्याहून पियानो जुळवणारा माणूस एकदा आला, त्यानं आत डोकं घालून बघितलं आणि सांगितलं की हा भाग आता मिळत नाही. बाईंनी तसंच चालवलं. मुलं ती पट्टी दाबायची, आवाज यायचा नाही, मुलं पुढं जायची.

नसीम बाईंची सगळ्यांत हुशार मुलगी. वडिलांचं शहागंजात कापडाचं दुकान. घरी आजी म्हणायची, ये बाजा लड़की को कहाँ ले जाएगा. वडील म्हणायचे, पुणे तक तो ले जाएगा. आणि खरंच पुण्याला परीक्षेला घेऊन गेले. नसीमनं तिथं 'दुपारची' वाजवायला घेतली. छान चाललं होतं. चढत चढत टोकाला गेली, पट्टी दाबली आणि पट्टी बोलली. नसीम दचकली. हात उचलून मांडीवर ठेवला आणि बसून राहिली. परीक्षकाला वाटलं विसरली. ते म्हणाले, पुढं वाजव. हिला पुढचं सुचेना. आयुष्यात तिथं आवाज ऐकला नव्हता.

परत आल्यावर ती सरळ बाईंकडं आली, बुरखाही उतरवला नाही. मी तिथंच होते.

"बाई, तिथं आवाज आहे म्हणून तुम्ही सांगितलंच नाही."

बाईंनी चालीचा कागद पुढं ओढला. मग म्हणाल्या, "कागदावर आहे की."

"कागदावर आहे. पण तुम्ही कधी वाजवलाच नाही."

"मीच विसरले होते नसीम," बाई म्हणाल्या. "मडमेच्या बंगल्यावर ऐकला होता. त्यानंतर नाही."

त्या दिवसापासून बाई तो सूर तोंडानं लावायला लागल्या. कुणीही मूल त्या जागी आलं की बाई स्वयंपाकघरात असोत नाहीतर अंगणात, तिथून "आ" करून एवढासा सूर यायचा. आवाज काही गोड नव्हता, पण सूर पक्का. नसीमनं दुसऱ्या वर्षी परीक्षा दिली आणि पास झाली. मला मात्र ते जुनं मोकळंच बरं वाटायचं. मी बाईंना तसं सांगितलं. त्या म्हणाल्या, चुकीची गोष्ट बरी वाटू शकते, त्यात लाजायचं काही नाही.

तर अशी ती बाई. आता परत त्या दवाखान्याकडं.

रात्र निघाली. मग दुसरी निघाली. महिना-दीड महिन्यानं बाई घरी आल्या. पाय ओढत चालायच्या, तोंड थोडं वाकडं, बोलणं जड पण कळायचं. डावा हात नुसता सोबत आणलेल्या सामानासारखा. नगरहून त्यांचा भाचा सुधाकर आला होता. चांगला माणूस, बँकेत नोकरी. त्यानं सगळं नीट सांगितलं. आत्याबाई इथं एकट्या कशा राहणार, शिकवणी बंद झालीच आहे, मग इथं ठेवायचं कशाला. ईस्टर झाला की टेम्पो घेऊन येतो, त्यांना घेऊन जातो. पियानो त्याच्या दोन खोल्यांत मावणार नाही, त्याला गिऱ्हाईक बघितलंय. बाईंनी हो म्हणून मान हलवली. मुलं यायची बंद झाली होती. आईबापांनी मनाशी ठरवून टाकलं होतं की एका हाताची बाई काय शिकवणार.

भाचा गेला आणि दुपारी भिंतीतून आवाज यायला लागला. फक्त उजवा हात. मी चार दिवस ऐकलं. फार वाईट ऐकू यायचं ते. खाली काहीच नाही आणि वर एकटंच फिरतंय, बिनजोत्याचं घर उभं केल्यासारखं. पाचव्या दिवशी मी भाकरी अर्धवट टाकून गेले.

"बाई, एक तर वाजवू नका, नायतर खालचं मला शिकवा. हे अर्धं अर्धं मला झेपत नाय."

बाईंनी माझ्या हातांकडं बघितलं. "तुला?"

"एकटीला ओढत नसलं तर जातं दोघी ओढतात," मी म्हणाले. "त्यात काय एवढं."

मी हे दया म्हणून केलं असं कुणी समजू नये. मला शेजार बदलायचा नव्हता. त्या घरात पुढं कोण येऊन बसलं असतं, आणि काय वाजवलं असतं.

शिकणं म्हणजे काय ते मला चाळिशी उलटल्यावर कळलं. आधी तर करंगळी. त्या चालीत सगळ्यांत खालचा सूर करंगळीनं द्यायचा, आणि माझ्या डाव्या करंगळीला जन्मात काम नव्हतं. भाकरी थापताना ती नुसती मागं मागं येते. ती पट्टीवर पडली की आवाजच यायचा नाही, नाहीतर शेजारची पट्टी सोबत घ्यायची. मला पट्ट्या ओळखू येईनात तेव्हा मी म्हणाले, बाई, कुंकवाची बोटं लावू का खुणेला. बाई म्हणाल्या, "पियानोचं लग्न लावू नकोस माझ्या. खडू घे." खडूचे ठिपके दिले. मग चिंचोके. बाई माझ्या उजवीकडं बसायच्या, आणि चूक झाली की वाकडं तोंड करून म्हणायच्या, "परत." वाकडं तर ते होतंच, मला कळायचं नाही राग आहे की आजार.

त्यांची एकच अट होती, घाई करायची नाही. मला सवय, कामाला लागलं की हातावेगळं करायचं. मी ओळ भराभरा वाजवून बघायची. बाई हात धरायच्या. "मुंगी भिंत चढते तशी वाजव. दिसलं पाहिजे की चढतेय, आणि वाटलं पाहिजे की तिला काही घाई नाही." मला राग यायचा. घरी चूल, मालकांचा डबा, गिरणी, नळ. पण दुपारचा तो वेळ मी सोडला नाही. मालक एसटीत ड्रायव्हर, गंगापूरची गाडी चालवायचे. त्यांना हे कळलं तेव्हा म्हणाले, "आता काय, गळ्यात पेटी अडकवून माझ्याच गाडीत फिरणार का पैसे मागत?" मी म्हटलं, "व्हय, अन् तिकीट नाय काढणार." नंतर सुट्टीच्या दिवशी ते त्याच भिंतीला पाठ लावून झोपायचे. झोप चांगली लागते म्हणायचे.

एक गोष्ट मात्र मला हाताला आली तेव्हाच कळली, इतकी वर्षं ऐकून कळली नव्हती. चालीत मधे एक ठिकाण आहे, तिथं वरची ओळ आधी आलेली तीच परत येते, एका सुराचाही फरक नाही. पण ऐकताना ती दुसऱ्यांदा उदास लागायची. मला वाटायचं बाई तिथं हळू वाजवतात. बाई काहीच वेगळं करत नव्हत्या. खालची करंगळी फक्त शेजारच्या काळ्या पट्टीवर सरकते. एवढंच. माझ्या स्वतःच्या करंगळीनं ते केलं आणि बाईंच्या उजव्या हाताखालची ती ओळ रडवेली झाली, तेव्हा मी थांबलेच. विचारलं, असं का होतं. बाई म्हणाल्या, "कारण विचारू नकोस. सरकव करंगळी." पण त्यांना बरं वाटलं होतं. त्या दिवशी चहा त्यांनी केला, एका हातानं, आणि मला करू दिला नाही.

ईस्टर झाला. सुधाकर टेम्पो घेऊन आला तेव्हा आम्ही वाजवतच होतो. मी ठरवलं होतं, हा आला की अख्खी 'दुपारची' वाजवून दाखवायची, म्हणजे त्याचं तोंड बंद. आम्ही सुरुवात केली. तो दारात उभा, मागं टेम्पोवाला, आणि बाहेर ओळीतल्या बायका. माझ्या पाठीवरून घाम चालला होता. पहिलं पान बरं गेलं. ती सरकायची जागा आली आणि करंगळी सरकलीच नाही. सगळं विचित्र वाजलं. टेम्पोवाला हसला.

मला वाटलं आता बाई पुढं नेतील, निभावून नेतील. चारचौघांत माणूस तेच करतो. बाई थांबल्या.

"परत," म्हणाल्या. "पहिल्यापासून नाही. चुकलीस तिथून."

मी हळूच म्हणाले, बाई, लोक आहेत. भाचा आलाय. त्यांनी ऐकलं नाही. उजव्या हातानं चिंचोके पुढं ओढले आणि ढिगली केली. मी ती एक ओळ वाजवली. एक चिंचोका डावीकडं. परत वाजवली, चुकले. चिंचोका परत उजवीकडं. बाईंनी माझं मनगट धरून खाली केलं, करंगळी उचलून पट्टीच्या कडेला ठेवली, खांद्यावर चापट मारली की खांदा सैल सोड. सुधाकर आत येऊन खुर्चीवर बसला. बाईंनी त्याच्याकडं बघितलंही नाही. बाहेरच्या बायका कंटाळून ओट्यावर बसल्या. टेम्पोवाल्यानं बिडी ओढून घेतली. माझे चिंचोके जात होते आणि येत होते. सगळे डावीकडं गेले तेव्हा चहाची वेळ झाली होती.

मग सुधाकर म्हणाला, "आत्या, तू शिकवतेस?"

"मग इतका वेळ तू काय बघत होतास?" बाई म्हणाल्या.

त्याला त्याच्या गिऱ्हाइकाला काय सांगायचं याचीही काळजी असणार. शेवटी उठला, बाहेर गेला आणि टेम्पोवाल्याला म्हणाला, परत जायचंय, रिकामंच. टेम्पोवाला कुरकुरला. जाताना त्यानं मला विचारलं, हे रोज असं चालतं का. मी म्हटलं, रोज. तो म्हणाला, बाईनं मला शिकवलं असतं तर मी पळून गेलो असतो.

ओट्यावरच्या बायकांनी हे सगळं बघितलं होतंच. ज्या बाईनं गयाबाईसारखीला एका हातानं शिकवलं ती आपल्या पोरांना शिकवंल की, असं ओळीत झालं. शाळा उघडल्यावर मुलं हळूहळू परत यायला लागली. मला 'गयाबाईसारखी' म्हणाल्या त्या बायकांशी मी काही दिवस बोलले नाही. मग बोलले.

त्या डिसेंबरात नाताळच्या आधीचा शनिवार परत झाला. शेवटी आम्ही दोघी बसलो. सरकायची जागा नीट गेली. टोकाला गेलो तेव्हा बाईंनी तोंड उघडलं, पण वाकड्या तोंडातून सूर येत नव्हता, नुसती हवा आली. मुकी पट्टी मुकीच. मागं नसीम बसली होती, बाळाला मांडीवर घेऊन. मला वाटलं ती तो सूर लावेल. तिनं लावला नाही. नंतर म्हणाली, तोंडाशी आला होता, पण खोली इतकी शांत होती की तोडवेना. आम्ही खाली उतरलो आणि चाल संपवली. मला ती तशीच आवडते हे मी आधी सांगितलंच आहे.

त्यानंतर पुष्कळ वर्षं आम्ही दर वर्षी तशाच बसत गेलो. मी दुसरी चाल शिकले नाही. बाईंनी विचारलं होतं, मी म्हटलं, एक पुरे. एका सुनेचं सगळं समजायला जन्म जातो.

शेवटी बाईंना उठवेना झालं तेव्हा सुधाकर रिटायर होऊन इकडंच आला होता, पुंडलिकनगरात फ्लॅट घेऊन. तो बाईंना तिकडं घेऊन गेला, आणि पियानोही नेला, हॉलमध्ये. त्यासाठी सोफा विकला. मी रिक्षानं जायचे. शेवटची गेले तेव्हा उन्हाळा होता. बाई पलंगावर, डोळे मिटलेले, मला ओळखलं की नाही ते कळलं नाही. पियानोची खालची फळी उघडून बघितली. गाडगं कोरडं होतं. मी तांब्याभर पाणी ओतलं. परत येऊन बघते तर बाईंचा उजवा हात चादरीवर चालत होता. कुठं आहे ते मला लगेच कळलं. मी डावीकडं बसले आणि पलंगाच्या कडेवर करंगळी टेकवली. खाली एक, वर दोन. हात चढत गेला, टोकाला थांबला, आणि बाईंच्या तोंडातून "आ" आलं. बारीक, पण पक्कं. मग हात उतरला. मी करंगळी सरकवायची तिथं सरकवली. सुधाकरची सून चहा घेऊन आली तोवर आम्ही शेवटाला पोचलो होतो.

मग मी घरी आले. बाई त्या पावसाळ्यात गेल्या.

ज्यांची एक रात्र निघेल का म्हणत होते, त्या बाई त्या डॉक्टरांच्या मागं राहिल्या, माझ्या मालकांच्याही मागं राहिल्या. त्या शनिवारी बाईंना स्टुलावरून उचलणारे आम्ही तिघं होतो. त्यांतल्या आता नसीम आहे आणि मी आहे.